पुढचं पाणी

तो प्रकार पहिल्यांदा तातू तोडणकरांच्या नजरेला पडला, आणि त्यांना त्यात गंमत वाटली.

"गो दीपू, तुझे जावई निजलेत मां चार्जिंगवर? मगे ह्ये बांगडे पिंगा कोणाभोवती घालतत?"

दीपश्री खोबरेकर नुकतीच गाडीतून उतरली होती. गोव्यातल्या संशोधन संस्थेतून ती दर आठवड्याला शिरगोळला यायची. माहेर होतं, आणि कामही इथेच होतं. लॅपटॉपची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती तातूंच्या मागोमाग घुमटीच्या खडकावर चढली. एप्रिलचं ऊन पाण्यावर सपाट पसरलं होतं. खाली, बंदराच्या हिरवट पाण्यात एक काळसर डाग दिसत होता. शाळेच्या पटांगणाएवढा, गोल, आणि मधोमध फिकट, जणू तिथे भोक पडलंय. नीट पाहिल्यावर कळायचं की डाग फिरतोय. सावकाश, एकाच दिशेने. कडेचे मासे कलले की चांदीचा पत्रा हलवावा तशी एक चमक गोलभर पळत जायची.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून मी बघतंय. आदीपासून असतले तर म्हायत नाय."

"मधेच फुटतात का? चरायला वगैरे?"

"पिंगा घालताना कोण जेवता गो?" तातू हसले.

दीपश्री हसली नाही. तिने पिशवीतून दुर्बीण काढली आणि बराच वेळ त्या फिकट मध्याकडे पाहत राहिली. तिथे काहीच नव्हतं.

शिरगोळची रापण जुनी. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोलात पाण्यात सोडायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि दोन बाजूंना उभं राहून गावाने ती ओढायची. मासळीचे वाटे पडायचे. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा, मग तो भांडण झालेला भावकीतला का असेना. दीपश्रीचे वडील रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते. त्यांच्यानंतर तो मान थोरल्या भावाकडे, रुपेशकडे आला. पण तोवर तांडेलाला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मोठ्या बोटी बाहेरच्या बाहेर, झगझगीत दिवे लावून, अख्खा थवा उचलून न्यायच्या. किनाऱ्यापर्यंत पोचायची ती नुसती शेवाळ आणि जेलीफिश. रापण संघातली माणसं एकेक करून गोव्याच्या हॉटेलांत गेली. रुपेशच्याही गणवेशाचं माप देऊन झालं होतं.

तेव्हा दीपश्रीने आपली यंत्रं गावात आणली.

बांगडा साफ करणाऱ्या कुणीही त्याच्या अंगावरची ती रेषा पाहिलेली असते. कल्ल्याच्या मागून निघून शेपटीपर्यंत जाणारी, सुईने ओढल्यासारखी. त्या रेषेखाली बारीक नळी असते आणि नळीत केसांहून बारीक तंतू. पाणी किंचित हललं तरी तंतू वाकतात. मासा त्या रेषेने दुरून स्पर्श करतो, असं म्हटलं तरी चालेल. शेजारचा मासा किती अंतरावर आहे, वळतोय की थांबतोय, हे त्याला गढूळ पाण्यात, डोळे मिटूनही कळतं. शिवाय शेपटीच्या प्रत्येक फटकाऱ्यागणिक पाण्यात एक भोवरा सुटतो. एक डावीकडे फिरणारा, पुढचा उजवीकडे. मागून येणारा मासा या भोवऱ्यांच्या मधोमध अंग घालतो आणि फुकटात पुढे ढकलला जातो. थवा असा चालतो. प्रत्येकजण कुणाच्या तरी मागे.

दीपश्रीचे यांत्रिक मासे हातभर लांबीचे होते, रबरी शेपटीचे. त्यांच्या दोन्ही कुशींवर आणि नाकावर तिने कृत्रिम तंतू बसवले होते. मागे येणाऱ्या थव्याचा दाब ते अंगावर वाचायचे आणि त्याप्रमाणे शेपटीचा ठेका बदलायचे, म्हणजे मागच्याला मिळणारे भोवरे नेहमी जोरकस आणि अगदी वेळेवर. कोणताही खरा मासा इतका नेटका पोहत नाही. बांगड्यांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांची फक्त सोय केली होती, आणि जिथे सोय तिथे ते गेले. यंत्रं बाहेर जायची, मोठ्या बोटींच्या दिव्यांना वळसा घालून थव्याच्या पुढे उभी राहायची आणि त्याला बंदरात घेऊन यायची.

"जावई" हे नाव तातूंचं. "येतत, आयता खातत, अंग दुखता म्हणान निजतत. पण येताना दहा माणसां घेऊन येतत, म्हणान ऱ्हवाक देवचा," असं ते म्हणाले आणि नाव चिकटलं. संघाने बैठक घेऊन जावयांनाही एक वाटा ठरवून दिला. थवा ओढून आणतात म्हणजे दोरीला हात लावलाच की.

दीपश्रीने एकच अट घातली होती. लहान मासळी पाण्यात परत सोडायची. पूर्ण वाढलेले तेवढेच घ्यायचे. ही अट गावाला इतकी आवडली की ती तिची राहिलीच नाही. जाळं वाळूवर आलं की रुपेश ओरडायचा, "पोरांक घराक धाडा रे!" आणि सगळे ओल्या हातांनी छोटे बांगडे वेचून लाटेत सोडायचे. वर्तमानपत्रांत फोटो आले. दीपश्रीने दोन परिषदांमध्ये त्यावर भाषण केलं. हॉटेलांतली माणसं परत आली, जाळी ठेवायच्या पडक्या मांगरावर नवे पत्रे चढले. चार हंगाम असे गेले.

आणि आता हा पिंगा.

तिने जावयांना आठवडाभर पाण्याबाहेरच ठेवलं. गोल फिरत राहिला. थोडा विरळ झाला, कडेने मेलेले मासे तरंगायला लागले, पण फुटला नाही. बांगड्याला पोहणं थांबवता येत नाही. थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहत नाही आणि तो गुदमरतो. म्हणून ते पोहत होते, प्रत्येकजण पुढच्याच्या भोवऱ्यात, आणि पुढचा त्याच्या पुढच्याच्या, असं करत करत शेवटचा पहिल्याच्या मागे. पुढे असं कुणी नव्हतंच.

आठव्या दिवशी तिने एक जावई पाण्यात सोडला. तो गोलाच्या कडेला पोचला आणि पाहता पाहता गुंडीवरून दोरा सुटावा तसा तो सबंध काळा गोल उलगडला आणि त्याच्या मागे लागला.

"बघलंस? ओळखतत तेका!" तातूंनी टाळी वाजवली.

दीपश्रीने जावयाला लगेच परत पाण्याबाहेर काढलं, आणि थवा पुन्हा वळून पिंगा घालू लागला.

त्या दुपारी ती वहिनीच्या स्वयंपाकघरात विळीवर बसली. पाटीत पिंग्यातले बांगडे होते. एकेकाचं पोट फाडून ती आत बोट घालून पाहत होती.

"तुमच्या लॅबात विळी नाय काय गो?" सुगंधा वहिनी सोलं भिजत घालत म्हणाली. "माझ्या धारेची पार वाट लावतलंस. आणि बांगडो असो चिरतत? इंजिनीर झालंस पण बांगडो चिरूक येणा नाय."

"गाबोळी बघतंय, वहिनी. पोटात अंडी धरली काय ती."

"गावली?"

"एकातय नाय."

मग तिने डोकी फोडायला घेतली. प्रत्येक डोक्यातून तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा काढून ती बशीत ठेवत गेली. वहिनी वाकून पाहू लागली.

"ह्यां काय? दात?"

"कानातलो खडो. झाडाच्या खोडात वर्तुळां असतत मां, तशी ह्याच्यात असतत. वय कळता."

"म्हणजे बांगड्याची जन्मपत्रिका."

"तशीच."

"माझी नको हां काडू," वहिनी म्हणाली आणि हसत चुलीकडे वळली.

वर्तुळं दीपश्रीने गोव्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिने तीनदा पाहिली, कारण पहिल्यांदा तिला ती खोटी वाटली. हे मासे लहान नव्हते. वयाने पूर्ण वाढलेले, अंड्यांवर यायला हवे होते. पण अंगाने अर्धवट आणि पोटाने रिकामे. आणि सगळे एकाच वयाचे, फार तर थोडे मागेपुढे. त्यांच्याहून म्हातारा असा एकही नव्हता.

म्हातारे कुठे गेले, हे शोधायला सूक्ष्मदर्शक लागणार नव्हता. ते टोपल्यांत गेले होते.

विद्यार्थी असताना तिने एका प्रबंधात वाचलं होतं, थंड समुद्रातल्या माशांबद्दल. मासे अंडी घालायला जिथे जातात ती वाट त्यांना जन्मतः ठाऊक नसते, अशी एक शंका त्यात मांडली होती. कोवळे मासे एका हंगामात थोरल्यांच्या मागे जातात आणि वाट त्यांच्या अंगात उतरते. पुढच्या वर्षी तेच थोरले. अशी ती हजारो वर्षं हातोहात येते, किंवा शेपटीमागून शेपटी येते. तेव्हा तिने समासात खूण केली होती आणि पान उलटलं होतं. बांगडा उष्ण पाण्यातला. त्याला हे लागू नसावं, असं तिने धरलं. तपासलं नव्हतं.

चार हंगाम त्यांनी मोठ्या दयेने पोरं सोडली होती आणि वाट माहीत असलेला प्रत्येक मासा खाल्ला होता. उरलेल्या पोरांना पुढे जाणारं एकच काहीतरी ठाऊक होतं, ते रबराचं होतं, आणि ते नेहमी शिरगोळलाच यायचं.

रुपेश मांगरात दोरी तपासत बसला होता. जिथे पीळ सुटला तिथे अंगठ्याने दाबून तो खूण करत होता. दीपश्रीने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण हात थांबले नाहीत.

"येत्या शनिवारी रापण घालतलों," तो शेवटी म्हणाला. "संघाचां ठरलां. येवढी मासळी एका जाग्यार बापाशीनय बघूक नाय."

"दादा, ह्या थव्याक हात लावू नको."

"कित्याक? तूच सांगतंस, ह्येंका वाट म्हायत नाय. अंडी घालूचे नाय. मगे मरतलेच मां? पाण्यात कुसण्यापरास टोपलेत पडलेले काय वायट?"

त्यात खोट नव्हती. तिने उत्तर येताना गाडीत तयार केलं होतं, ते आता पातळ वाटलं.

"मी जावयांक पुढे घालून तेंका खोल पाण्यात नेतंय. थंय एखादो जुनो थवो गावलो, खरोखर वाट म्हायत असलेलो, तर हे तेच्या मागे लागतले. जावयांक मी तसांच शिकवतलंय. पुढे कोणी भेटलो की तुम्ही मागे व्हा."

"आणि गावलो नाय तर?"

ती खाली बसून दोरीचं दुसरं टोक उलगडू लागली.

"परत येतले जावई?"

"नाय. तेवढी बॅटरी नाय. एकदा गेले की गेले."

"म्हणजे बांगडेय गेले, जावईय गेले." रुपेशने दोरी खाली ठेवली. "संस्थेक काय सांगतलंस?"

"तां माझां मी बघतलंय."

"आणि मी हेंका काय सांगू?" त्याने दाराबाहेर हात केला. बाहेर कुणी नव्हतं. उन्हात पसरलेली जाळी होती. "सदा आणि दिन्या हॉटेलातली पक्की नोकरी सोडून इले. माझ्या सांगण्यार. तेंका सांगू, माझ्या बहिणीन हिशोब चुकवल्यान?"

"सांग."

"गप बस." तो उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग निराळ्याच आवाजात म्हणाला, "चार वर्षां मी बोंबलतंय, पोरांक घराक धाडा म्हणान. देवाचां काम करतंय असां वाटायचां, दीपू. झोप बरी लागायची."

तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. जवळ जावं असं तिला वाटलं, पण त्यांच्या घरात ती रीत नव्हती. ती लॅपटॉप उचलून बाहेर पडली.

शुक्रवारी सकाळी ती जावयांचा पिंजरा ढकलत पुळणीवर आली तेव्हा रुपेश होडीत बसलेला होता. इंजिन सुरू होतं.

"संघाक काय सांगलंस?"

"इंजिन बघूक जातंय म्हणान. चढ बेगीन."

जावई एकेक करून पाण्यात गेले. गोल उलगडला. या वेळी सगळे जावई पुढे होते आणि थवा त्यांच्यामागे रुंद, काळ्या रस्त्यासारखा ताणला गेला. घुमटीच्या खडकावर तातू उभे होते. उद्याच्या रापणीसाठी थवा हलवताहेत असं वाटून ते दोन्ही हातांनी किनाऱ्याकडे खुणा करत होते. "हयसर! हयसर आणा!" त्यांचा आवाज वाऱ्यावर तुटक येत होता. मग होडीने तोंड बाहेर वळवलं, आणि काळा रस्ताही वळला. तातूंचे हात तसेच वर राहिले.

थोड्या वेळाने रुपेशच्या खिशात फोन वाजू लागला. त्याने तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा बंद करून पाटाखाली टाकला.

बंदरासमोरचं बेट मागे पडलं. पाण्याचा हिरवा रंग सरून निळा लागला, मग तो निळाही गडद झाला. इथवर रापणीची होडी कधी येत नाही. रुपेशने इंजिन हळू केलं. दीपश्रीच्या मांडीवरच्या पडद्यावर प्रत्येक जावयाच्या तीन रेषा उमटत होत्या. पाण्यातून आवाजाच्या लहरींनी येणारा संदेश, जवळ असेतोवरच मिळणारा.

"ह्यां काय दिसता?" रुपेशने विचारलं.

"ह्ये दोन कुशी. करवतीसारख्या दिसतत ते मागचे मासे. तेंचो दाब." तिने तिसऱ्या रेषेवर बोट ठेवलं. ती आखल्यासारखी सरळ होती. "ही नाकाची. पुढच्या पाण्याची. पुढे कोण पोहत असलो तर ही हलतली. एखाददुसरो मासो नाय, थवो व्हयो. मग जावई आपसूक मागे होतले."

"आता सपाट आसा."

"आता सपाट आसा."

ते तसेच जात राहिले. एकदा रेषा थरथरली. दीपश्री ताठ झाली. पण ती नुसती लाट होती, लांबची, खालून येणारी. दुपार कलू लागली तसा जावयांचा चार्ज दाखवणारा आकडा खाली खाली येत गेला. होडीचं डिझेलही परतीपुरतं राखायला हवं होतं. इथून पुढे यंत्रांना एकटं सोडायचं, एक दिशा देऊन.

"खंय नेवचे?" तिने विचारलं.

"माका काय विचारतंस?"

"दादा, तुमी पिढ्यान्पिढ्या हीच मासळी धरतास. पावसाआदी खंयच्या बाजूक जायचे ते?"

रुपेशने वाकून पाण्यात हात घातला.

"आमी तेंका येताना बघलों गो," तो म्हणाला. "येतत कधी, खंयसून, कसलां पाणी असला की, सगळां सांगतंय. जाताना कोणी बघल्यानी? ते गेले की आमी जाळी धुवाक बसायचों."

दीपश्रीने पडद्यावर पाण्याचं तापमान उघडलं. नैऋत्येला ते किंचित कमी होतं. एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आयुष्यात तिने मोजल्याशिवाय एक आकडा लिहिला नव्हता. तिने नैऋत्य लिहिलं आणि कळ दाबली.

काळा रस्ता होडीच्या उजव्या बाजूने पुढे सरकला. शेवट यायला बराच वेळ लागला. मागे राहिलेले दमलेले मासे, एकेकटे, पुढच्याच्या भोवऱ्यात शिरायची धडपड करत होडीखालून गेले. मग पाणी नुसतंच निळं राहिलं.

पडद्यावर रेषा चालू होत्या. कुशींची करवत, नाकाची सरळ रेघ. एकेक जावई पल्ल्याबाहेर जाऊ लागला तशा त्याच्या रेषा तुटक होत विझल्या. सर्वांत पुढचा तिने पडद्यावर मोठा करून ठेवला होता. त्याची नाकाची रेषा ती पापणी न हलवता पाहत होती. करवत फिकट झाली, तुटली, पुन्हा उमटली. सरळ रेघ सरळच होती. मग पडदा पांढरा झाला.

"काय झालां?"

"पल्ल्याभायर गेले."

"पुढे कोण होतो?"

"आपलेच," दीपश्री म्हणाली. "आपल्याच यंत्रांच्या पुढे नुसतां पाणी."

"चार्ज किती?"

"संध्याकाळपर्यंत."

रुपेशने मान हलवली. संध्याकाळी त्या तिथे, कुठेतरी, रबरी शेपट्या थांबतील, आणि त्यांच्यामागचे मासे त्या थांबलेल्या यंत्रांभोवती वळतील. हे दोघांनाही दिसत होतं. त्याने होडी फिरवली.

पुळणीवर अख्खा संघ उभा होता. होडी वाळूला लागायच्या आधीच आरडाओरडा सुरू झाला. सदा पाण्यात मांडीपर्यंत शिरून होडीचं नाक धरून उभा राहिला. "तांडेल, थवो खंय?"

दीपश्रीने तोंड उघडलं. सगळं सांगायचं, असं तिने येताना ठरवलं होतं. खडे, वर्तुळं, चार वर्षं, सगळं.

"मशीन बिघडली," रुपेश तिच्या आधी म्हणाला. "जावई भायर गेले आणि थवो तेंच्यामागना गेलो. आमी पाठलाग केलों, गावले नाय. जावंदेत. पावसानंतर येतले परत. मासळी खंय जाता?"

मागून तातू म्हणाले, "जावई रुसले म्हणा की!" कुणीतरी हसलं, कुणीतरी दीपश्रीला ऐकू जाईल अशी शिवी हासडली आणि मंडळी पांगू लागली. सदाने होडी ओढायला खांदा दिला. रुपेशने तिच्याकडे पाहिलं नाही.

"दादा—"

"ह्या साल नको," तो हळूच म्हणाला. "ह्या साल तरी नको."

जूनमध्ये पाऊस लागला. संस्थेने दीपश्रीवर चौकशी बसवली आणि ती चालू असेपर्यंत तिला घरी पाठवलं. ती शिरगोळला आली. मांगरात संघ जाळी दुरुस्त करायला बसत होता. पत्र्यावर पावसाचा असा आवाज व्हायचा की बोलायला ओरडावं लागे. दरवर्षीपेक्षा यंदा काम जोरात होतं. थवा मोठा झाला होता, म्हणजे जाळंही मोठं हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. तातूंनी जुन्या जाळ्याला नवा तुकडा जोडायला घेतला होता. दीपश्रीही सुई घेऊन बसायची. तिची गाठ सैल पडते म्हणून सगळे तिला हसायचे, आणि ती उसवून पुन्हा घालायची.

एका दुपारी वहिनी डोक्यावर प्लास्टिक घेऊन चहाची किटली घेऊन आली. रुपेशच्या हातात कप देऊन ती दीपश्रीच्या शेजारी बसली.

"हॉटेलवाल्यांचो फोन इल्लो," ती म्हणाली. "ह्येंका आणि सदाक आणि दिन्याक, तिगांकय घेतत. पण हां-नाय आयजच कळवक व्हया. मगे दुसऱ्यांका देतले." तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, तो जाळ्यात डोकं घालून होता. "ह्ये काय बोलणत नाय. सदाय म्हणता, तांडेल जातलो तर मी जातंय. म्हणान तुका विचारतंय, बाय. तू मोजल्याशिवाय बोलणंस नाय. तू सांगशीत तां खरां."

मांगरातल्या सगळ्या सुया थांबल्या होत्या. सदा मान वर करून पाहत होता. तातूंनी ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला.

"येतले मां गो बांगडे?"

दीपश्रीने भावाकडे पाहिलं. त्याची मान खालीच होती. जाळ्याच्या एका डोळ्यात त्याची सुई अर्धी जाऊन अडकल्यासारखी थांबली होती.

"येतले," ती म्हणाली.

पत्र्यावर पाऊस वाजतच होता. वहिनीने "बरां तर, नाय म्हणान कळवतंय" म्हणून किटली उचलली. रुपेशची सुई पलीकडे निघाली आणि त्याने गाठ मारली.